प्रश्न विचारायचा तो सहीच्या आधी

२२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ८०हून अधिक माणसे गेली. महाडचा पूर ओसरल्यावर आम्ही काही जण धान्य आणि ताडपत्र्या घेऊन तिकडे जाऊ लागलो. म्हाडा घरे बांधून देणार असे ठरले. तोवर वाचलेल्यांचा संसार कंटेनरमध्ये. तिथे एका आजींनी मला विचारले, "घर कसं पायजे, गुरं कुठं बांधायची, ते आमाला कोण इचारील?"

तो प्रश्न घेऊन मी आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधींना भेटलो. सोबत किल्लारीची माहिती नेली. १९९३च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली. जिथे जुन्याच जागी घरे दुरुस्त करायची होती, त्या गावांत मात्र घरमालकांनी स्वतः बांधकाम करून घेतले, आणि गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून घरोघरी गेल्या. मी म्हटले, "साहेब, अलिबागला विजेच्या तारा जमिनीखाली घालायला बँकेचा पैसा आला. उद्या दरडींसाठी आला, तर अटी ठरताना आमच्या वाड्यांचं म्हणणं कोण मांडणार?"

ते म्हणाले, "कर्ज दिल्ली घेते. आमच्या हातात काय?"

परदेशी कर्जाचा करार केंद्राचे अर्थ मंत्रालय करते आणि तो सभागृहात मताला येत नाही, हे खरेच आहे. पण राज्याचा खर्च विधानसभा मंजूर करते. तारांकित प्रश्न विचारता येतो, लोकलेखा समितीत हिशेब मागता येतो. मी त्यांना नर्मदाकाठच्या मणिबेली गावाची हकीकत सांगितली. जागतिक बँकेच्या कर्जातल्या सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या अशा गावांची बाजू मेधा पाटकरांनी १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे मांडली. बँकेला पैसा मंजूर करणाऱ्या त्या सभागृहाने पुढे दबाव आणला आणि १९९३ मध्ये बाधितांच्या तक्रारी ऐकणारे निरीक्षण पॅनेल बँकेला नेमावे लागले. नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी वॉशिंग्टनचे खासदार बँकेला जाब विचारतात, तर महाडच्या सावित्री नदीच्या खोऱ्यासाठी आमच्या आमदारांनी का विचारू नये?

ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "लिहून द्या." तिथेच बसून आम्ही तीन प्रश्न लिहिले. जागा कोण निवडणार? आराखडा ग्रामसभेपुढे मराठीत कधी येणार? तक्रार कुठे करायची? परतफेड जनतेच्या पैशातून होते, म्हणून हे प्रश्न करारावर सही होण्याआधी सभागृहात विचारले जाणे हा आमचा हक्क आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे मी हेच तीन प्रश्न ठेवणार आहे.