वहीतला कोरा रकाना

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घरात अण्णा आणि अक्का अशी दोघेच राहतात. मुले नोकरीनिमित्त परगावी आहेत. घरात तिसरा जीव म्हणजे सोन्या, ११ वर्षांचा पिंगट बोका. अण्णांची सारी हयात पोस्टात तारखेचे शिक्के मारण्यात गेली. त्यामुळे तारीख आणि वेळ या दोन गोष्टींविषयी त्यांना विलक्षण आदर. गेल्या हिवाळ्यात सोन्या वाडगे वाडगे पाणी पिऊ लागला, भरपूर खाऊनही वाळत चालला, तेव्हा ते प्रथम अण्णांच्याच ध्यानी आले. पशुवैद्यांनी रक्त तपासून मधुमेहाचे निदान केले. मांजरालाही मधुमेह होतो हे ऐकून अक्कांना आधी हसूच आले. परंतु माणसांतील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी तो पुष्कळ मिळताजुळता असतो आणि खच्ची केलेल्या, स्थूल, उतारवयाकडे झुकलेल्या बोक्यांत अधिक आढळतो.

सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, खाणे झाल्यावर, सैल कातडीखाली २ युनिट इन्सुलिन. अण्णांनी हे काम स्वतःकडे घेतले आणि एक वही घातली. तारीख, वेळ, खाणे, मात्रा, साखर असे रकाने आखले. कानाच्या कडेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेण्याची कलाही त्यांनी साध्य केली. सोन्या गुरगुरे, पण पळून जात नसे.

येथे एक गोष्ट सांगितलेली बरी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन शक्तींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही त्याप्रमाणे निरनिराळ्या असतात. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली, तर मात्रा अडीचपट जाते. या घरात ती चूक कधी झाली नाही, कारण अण्णा दोन्हींवरचे आकडे रोज ताडून पाहत. चूक दुसऱ्याच वाटेने आत आली.

श्रावणातील ती संध्याकाळ. पाऊस कोसळत होता आणि सातच्या सुमारास वीज गेली. अण्णांनी विजेरीच्या उजेडात सुई दिली. वही दिसेना, म्हणून नोंद मागाहून करायचे ठरवले. अर्ध्या तासाने दिवे आले. अण्णांनी वही उघडली. सातचा रकाना कोरा होता. ज्या माणसाने आयुष्यभर नोंदीवर विश्वास ठेवला, त्याने त्या वेळीही नोंदीवरच ठेवला. अक्कांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले. त्यांच्या मनात आले, मघाशी अंधारात नुसती तयारीच चालली असेल. गेल्या वर्षभरात किल्ल्या, चष्मा, दुधाचे पैसे अशा पुष्कळ गोष्टी त्यांनी अशाच मनात ठेवल्या होत्या.

साडेदहाला सोन्या पलंगाखालून बाहेर आला तो झोकांड्या खात. मागचे पाय वळेनात, बुबुळे विस्फारलेली, हाकेला ओ नाही. ग्लुकोमीटरने ३८ दाखवले. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० असते. ६० च्या खाली गेली की धोका समजावा. अण्णांचे हात कापू लागले.

अक्कांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हिरड्यांना मध चोळा." त्या घरात मध कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता. "मग साखरेचा दाट पाक चालेल, ग्लुकोजची पूडही चालेल. मात्र तोंडात ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. बोट दातांमध्ये घालू नका, झटका आला तर कडकडून चावेल. ओठ उचलून बाहेरून चोळा, आणि शुद्धीवर आला तरी त्याला घेऊन या."

अक्कांनी वाटीत साखर भिजवली आणि बोटाने चोळू लागल्या. पंधरा मिनिटांनी ६१. सोन्याने मान उचलली, तेव्हा त्याच्यापुढे खाणे ठेवले. त्याने चार घास खाल्ले. साखर ९२ झाली. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आता सकाळीच जाऊ म्हणाले. शेजाऱ्यांची गाडी येईपर्यंत आकडा पुन्हा ५५ वर उतरला होता. साखरेचा आधार घटकाभराचा, इन्सुलिनचा अंमल कित्येक तासांचा.

दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज सुरू करता करता डॉक्टरांनी विचारले, "काका, मात्रा किती दिली होती?"

"दोन युनिट. नेहमीचीच."

डॉक्टर विचारात पडले. मधुमेह आपोआप निवळू लागला, तर नेहमीचीच मात्राही मांजराला जड होते. ते त्या दिशेने प्रश्न विचारू लागले. अक्का पदराचे टोक पिळत उभ्या होत्या. परक्या माणसादेखत नवऱ्याचे उणे काढणे त्यांना चाळीस वर्षांत जमले नव्हते. पण सलाइन किती वेळ चालवायचे हे त्या उत्तरावर अवलंबून होते.

"दोनदा दिलंय, डॉक्टर. एकदा अंधारात, एकदा उजेडात. मी पाहिलंय."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. रागाने नव्हे; पत्ता न लागलेले पत्र परत यावे, तसे.

सोन्या पहाटे उठून बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले: सकाळची सुई द्यायची नाही, पुढची त्यांना विचारून, तीही १ युनिटपासून. आणि दिली की नाही अशी शंका आली, तर कधीही द्यायची नाही. एक वेळ साखर वाढली तर सहसा फारसे बिघडत नाही. उतरली तर काही तासांत जीव जातो.

रिक्षात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णाच म्हणाले, "अगं, माझंही एकदा दाखवून घेऊ." अक्कांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्या त्यांना घेऊन गेल्याही.

वहीत आता आणखी एक रकाना आहे, सहीचा. अण्णा सुई देतात, अक्का पाहतात, आणि दोघांची आद्याक्षरे पडल्याखेरीज वही मिटत नाही. मध्यंतरी एका संध्याकाळी अक्का देवळातून उशिरा आल्या. रकाना कोरा होता. अण्णा सिरिंज हातात धरून तिच्याकडे पाहत बसले होते.

"दिलंत का हो?"

"आठवत नाही."

अक्कांनी सिरिंज त्यांच्या हातातून घेऊन ठेवून दिली. अण्णांनी पेन उघडले आणि वळणदार अक्षरात लिहिले: 'शंका. दिले नाही.' खाली दोघांनी सही केली. सकाळी साखर ३१२ भरली. सोन्या वाडग्याशी बसून खाणे मागत होता.