अडीचशे म्हणण्यापूर्वी

अकाउंट्सच्या मॅडमनी बँकेला पाठवलेली मेल परत आली. बँकेच्या सर्व्हरने कारण दिलं होतं: तुमच्या आयपी पत्त्यावरून बॅकस्कॅटर येतो, म्हणून तुमची मेल घेत नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, पण आपण कुठे कुणाला स्पॅम पाठवतो?" खरंच पाठवत नव्हतो. कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता, सर्व्हरमध्ये कुणी घुसलंही नव्हतं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा मेल सर्व्हर सांगितलेलं काम इमानेइतबारे करत होता, आणि तीच अडचण होती.

मेल क्यू काढून पाहिली. पानंच्या पानं ओळी, आणि पाठवणारा सगळीकडे एकच: मेलर-डीमन, म्हणजे परतीच्या मेल धाडणारा आमचाच सर्व्हर. घेणारे मात्र ब्राझील, पोलंड, जपानमधले, ज्यांचा आमच्या कॉलेजशी काडीचा संबंध नाही. एक मेल उघडली. विषय, 'अनडिलिव्हर्ड मेल रिटर्न्ड टू सेंडर'. खाली आमच्या सर्व्हरची नम्र दिलगिरी, की आपलं पत्र पोचवता आलं नाही. आणि त्याला जोडलेलं मूळ 'पत्र' म्हणजे वजन कमी करण्याच्या गोळ्यांची अख्खी जाहिरात. जाहिरातदाराने ती आमच्याकडच्या अस्तित्वात नसलेल्या एका पत्त्यावर पाठवली होती आणि पाठवणारा म्हणून कुण्या तिसऱ्याच माणसाचा पत्ता ठोकून दिला होता. आम्ही ती जाहिरात कॉलेजच्या नावानिशी त्या तिसऱ्याच्या दारात नेऊन टाकत होतो. बँक म्हणत होती तो बॅकस्कॅटर हाच.

आमची रचना दोन मशीनची. पुढे पोस्टफिक्सचा गेटवे, मागे खरे मेलबॉक्स असलेला सर्व्हर. कॉलेजात कोण आहे, कोण नाही, हे गेटवेला ठाऊकच नव्हतं. पत्त्यात आमचं डोमेन दिसलं की तो '२५० ओके' म्हणायचा आणि मेल आत सरकवायचा. आतला सर्व्हर म्हणायचा, असा माणूस इथे नाही. एसएमटीपीचा नियम असा, की एकदा २५० म्हटलं की ती मेल तुमची जबाबदारी. पोचवा, नाहीतर पाठवणाऱ्याला कळवा. मग गेटवे बिचारा कळवायचा. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी हा नियम लिहिला तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर विश्वास ठेवण्यात काही गैर नव्हतं. २००३च्या ऑगस्टमध्ये सोबिग-एफ हा व्हायरस खोट्या पत्त्यांनिशी पसरला, तेव्हा ज्यांच्या संगणकात व्हायरस नव्हताच त्यांना जगभरच्या अँटिव्हायरसांकडून 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे' अशा सूचना गेल्या. या सौजन्याचा किती त्रास होऊ शकतो, ते तेव्हाच दिसलं होतं.

प्राचार्यांना समजावताना मी रजिस्टर्ड पत्राचा दाखला दिला. पोस्टमन दारात उभा असतानाच 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' म्हणालात, तर पाकीट त्याच्याच पिशवीत राहतं. सही करून घेतलंत आणि मग पाकिटामागच्या पत्त्यावर परत धाडलंत, तर तो पत्ता खरा की खोटा ही जोखीम तुमची. सर म्हणाले, "पण एखाद्या विद्यार्थ्याने पत्ता चुकवला तर? ॲडमिशनचे दिवस आहेत." उलट त्याचाच फायदा होता. आम्ही दारातच ५५०, म्हणजे 'नाही', म्हटलं, तर विद्यार्थ्याला त्याचा स्वतःचा सर्व्हर लगेच कळवतो की पत्ता चुकला. स्पॅम पाठवणारं यंत्र मात्र तो नकार ऐकून पुढच्या दाराकडे वळतं. परतीची मेल आमच्याकडे तयारच होत नाही.

मग गेटवेला यादी दिली. आतल्या सर्व्हरवरचे सगळे चालू पत्ते ठरावीक वेळाने एका फाइलमध्ये उतरतात आणि यादीत नसलेल्या नावाला पोस्टफिक्स तिथल्या तिथे नाही म्हणतो. टेलनेटने पंचवीस नंबरच्या पोर्टवर जाऊन हाताने एक खोटं नाव टाकलं: '५५० ५.१.१ युजर अननोन'. जिंकलो म्हणायचं. सवयीने तेच नाव कॉलेजच्या जुन्या डोमेनवर टाकलं, तर '२५० २.१.५ ओके'! काही वर्षांपूर्वी डोमेन बदललं, तेव्हा कुणीतरी एका ओळीत सगळं जुनं डोमेन नव्याकडे वळवलं होतं. अशी सरसकट ओळ असली की त्या डोमेनचं कुठलंही नाव पोस्टफिक्सला खरंच वाटतं. ती काढून प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र ओळ करावी लागली. मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घ्यायला पर्यायी एमएक्स म्हणून ठेवलेलं दुसरं मशीनही बंद केलं. त्याच्याकडे यादी नव्हती, आणि स्पॅमवाले मुद्दाम अशाच मागच्या दाराने येतात. आपला सर्व्हर थोडा वेळ बंद राहिला, तरी समोरचे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. त्यासाठी वेगळं मशीन पाळायची गरज नाही.

स्पॅमच्या गाळणीचं काम जास्त किचकट. आमचा गेटवे मेल आत घेतल्यावर ती स्पॅमॲसॅसिनकडून तपासून घ्यायचा आणि नापसंत मेल परत पाठवायचा. आता ती तपासणी मिल्टर या पोस्टफिक्सच्या जोडणीतून, समोरचं मशीन लाइनवर असतानाच होते. मेलचं शेवटचं टिंब आल्यावर समोरच्याने उत्तरासाठी दहा मिनिटं थांबावं असं मानक सांगतं, त्यामुळे वेळ पुरतो. पण तोवर आपली एक प्रोसेस अडकून पडते. म्हणून स्वस्त तपासण्या आधी: पोस्टफिक्सचाच दारावरचा पहारेकरी पोस्टस्क्रीन, मग स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची स्पॅमहाउसची काळी यादी. ही यादी विचारायला स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर हवा. गुगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलंत, तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, चुकीच्या मार्गाने विचारता आहात असा कोड देतं. कोड न पाहता आलेलं प्रत्येक उत्तर 'काळ्या यादीत आहे' असं धरलं, तर सगळ्या जगाची मेल बंद. या तपासण्यांतून पार झालेल्या मेलला स्पॅमॲसॅसिन स्पॅमपणाचे गुण देतो. ते अगदी जास्त असले तरच दारात नकार. मधल्या गुणांची मेल आत येते आणि जंक फोल्डरमध्ये जाते. गुपचूप फेकून द्यायचा पर्याय मला मान्य नाही. चुकून खरी मेल गेली, तर पाठवणाराही अंधारात आणि घेणाराही.

क्यूतले मेलर-डीमन जवळजवळ संपले. उरले ते फॉरवर्डिंगचे. निवृत्त प्राध्यापकांचे कॉलेजचे पत्ते त्यांच्या जीमेलकडे वळवलेले आहेत. आमच्या गाळणीतून निसटलेला स्पॅम जीमेल नाकारतं आणि परत पाठवायची पाळी पुन्हा आमच्यावर येते. बहुतेकांनी मेलबॉक्स इथेच ठेवून तो फोनवर जोडून घ्यायचं कबूल केलं. आमचे जुने विभागप्रमुख मात्र ऐकेनात. "अरे, आता या वयात दोन-दोन डबे उघडायला सांगतोस?" त्यांच्या पत्त्यासाठी गाळणीची मर्यादा कडक केली आहे. त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची मेल त्यात अडकली, तर त्याला लगेच कळेल आणि तो फोन करेल. सरांना तेच चालतं.