बशीरांच्या भिंती

मूळ भाषा अवगत नसताना एखाद्या ग्रंथकाराविषयी लिहावयास बसणे हे थोडे धाडसाचे खरे. परंतु ते धाडस कोणीच केले नसते तर आम्हां मराठी वाचकांच्या वाट्यास टॉल्स्टॉय, चेकॉव्ह आणि शरच्चंद्र हेही आले नसते. म्हणून मलयाळम् कथाकार वैक्कम मुहम्मद बशीर यांच्याविषयी लिहिताना आम्ही वाचकांची क्षमा मागत बसत नाही. बशीरांशी आमचा परिचय भाषांतरांतून झाला, म्हणजे भिंतीपलीकडून कोणी बोलत असावे आणि आपण कान देऊन ऐकावे तसा. मौज ही की, भिंतीपलीकडचा आवाज हाच या ग्रंथकाराच्या उत्तम कृतींचा गाभा आहे. आणि त्यांस केवळ ‘विनोदी लेखक’ म्हणून वाखाणणाऱ्यांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

बशीरांचा जन्म १९०८ साली त्रावणकोर संस्थानात, वैक्कमनजीक तलयोलपरंबु या गावी झाला. वडील लाकडाचे व्यापारी. वैक्कमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांस जाऊ द्यावे म्हणून १९२४ साली जो सत्याग्रह सुरू झाला, त्या प्रसंगी पुढील वर्षी गांधीजी तेथे आले. शाळकरी बशीरांनी गर्दीत शिरून महात्माजींस स्पर्श केला आणि घरी येऊन ती अपूर्व वार्ता आईस सांगितली. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी ते कालिकतेस गेले, तेथून कण्णूरच्या तुरुंगात. सुटल्यावर जहाल लेखन केले, पकडवॉरंट निघाले आणि मग कित्येक वर्षे हा गृहस्थ हिंदुस्थानभर भटकत राहिला. कोठे हात पाहून भविष्य सांगितले, कोठे आचाऱ्याचे काम केले. साधूंच्या जमातीत राहिला, फकिरांच्याही. परत येऊन त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या कारभारावर लेखणी चालविली, तेव्हा १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांस तिरुवनंतपुरमच्या मध्यवर्ती तुरुंगात जावे लागले. पुढे बेपूर येथे घर करून ते राहिले, लोकांनी त्यांस ‘बेपूरचा सुलतान’ केले, आणि १९९४ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

या तुरुंगात त्यांनी जे लिहिले ते पाहावे. भोवती दंडाबेडी, आणि हा माणूस ‘प्रेमलेखनम्’ नावाची एक हसरी गोष्ट लिहितो! बँकेत नोकरी करणारा केशवन नायर सारम्मा नावाच्या ख्रिस्ती तरुणीस प्रेमपत्र देतो. ती बेकार, ती म्हणते, आधी मला काही काम पाहून द्या. तो काम देतो: माझ्यावर प्रेम करणे, दरमहा पगार ठरलेला. मूल झाले तर त्याचा धर्म कोणता, नाव कोणत्या चालीचे, असा वाद पडतो तेव्हा चिठ्ठ्या टाकतात आणि नाव निघते ‘आकाश-मिठाई’. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या चिमुकल्या पुस्तकावर त्रावणकोर सरकारने पुढच्याच वर्षी बंदी घातली. राजद्रोहाचा एक शब्द त्यात नाही. परंतु जातीधर्माचे कुंपण दोन माणसे हसत हसत ओलांडून जातात आणि त्यांच्यावर वीज पडत नाही, हे दृश्य सरकारांस राजद्रोहाहून अधिक झोंबते.

‘बाल्यकालसखी’ ही १९४४ मधील कादंबरी मात्र हसत सुरू होते आणि हसू कधी मावळले हे वाचकास कळत नाही. शाळेत मास्तर मजीदला विचारतात, एक आणि एक मिळून किती? तो उत्तरतो, थोडा मोठा एक. दोन ओहोळ मिळून एक मोठा ओढा होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला छड्या मिळतात. त्याची सोबतीण सुहरा हुशार, पण बाप मेल्यावर तिचे शिक्षण सुटते. मजीद घर सोडून वर्षानुवर्षे हिंडून येतो तो तिचे लग्न एका खाटकाशी लागलेले असते. मार आणि हाल सोसून ती माहेरी परतते. मजीद पुन्हा परमुलखी मिळवावयास निघतो तेव्हा ती काही सांगू पाहते. तेवढ्यात मोटारीचा कर्णा वाजतो आणि ते राहून जाते. परमुलखात मजीदचा एक पाय जातो. मग सुहरा गेल्याचे पत्र येते. ती काय सांगणार होती, हा प्रश्न तेवढा उरतो. दुसरा कोणी लेखक असता तर त्याने ते वाक्य शेवटी वाचकाच्या हाती ठेविले असते. बशीर ठेवीत नाहीत, कारण मजीदला ते कळलेले नाही; आणि नायकास जे कळले नाही ते आपणांस ठाऊक आहे असा आव हा ग्रंथकार कधीच आणीत नाही.

१९४७ सालच्या ‘शब्दंगळ्’वर अश्लीलतेचा मोठा गहजब झाला; त्याविषयी येथे लिहीत नाही. आमच्या मनातून जात नाही ती ‘मतिलुकळ्’, म्हणजे ‘भिंती’, ही १९६५ साली पुस्तकरूपाने आलेली लहानशी कथा. तुरुंगातील कैदी स्वतः बशीरच आहे. तो तेथे गुलाबांची बाग लावतो. एके दिवशी इतर सर्व राजबंदी सुटतात, याचे नाव तेवढे यादीत नसते. एकटा पडलेला तो पळून जाण्याचा बेत करतो. आणि अशात भिंतीपलीकडच्या स्त्रियांच्या तुरुंगातून त्यास हसणे ऐकू येते. ती नारायणी. जन्मठेपेची कैदी. पळण्याचा बेत तेथेच विरतो. ती गुलाबाचे रोप मागते, तो भिंतीवरून फेकतो. ती भिंतीशी आली की एक वाळकी काटकी वर उडविते. ती काटकी आकाशात दिसली की याने धावत यावे. दोघांनी एकमेकांस पाहिलेले नाही. अखेर इस्पितळात भेटावयाचा दिवस ठरतो, ओळखीच्या खुणा ठरतात. आणि तो दिवस उजाडण्यापूर्वी सुटकेचा हुकूम येतो.

स्वातंत्र्यासाठी ज्याने तुरुंग पत्करला त्यास स्वातंत्र्य मिळते, आणि ते नको असते! हाती एक गुलाब घेऊन तो दाराबाहेर पडतो, पलीकडे काटकी वर उडत असते.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही १९७५ च्या आणीबाणीत काही महिने येरवड्यास होते. त्यांस ही कथा आम्ही वाचून दाखविली. ऐकून झाल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “हुकूम हाती पडला तेव्हा आम्हांला पहिली आठवण झाली ती बराकीशी लावलेल्या कोथिंबिरीची. उद्या पाणी कोण घालील?” आम्हांस वाटले, आता ते कथेची वाहवा करतील. परंतु त्यांचा चेहरा कठोर झाला. “शेवट मात्र आम्हांला मान्य नाही. हा बाहेर गेला. ती? तिला कोणी सांगितले? एखाद्या शिपायाबरोबर निरोप धाडता आला नसता काय? लेखकाला शेवट साधायचा होता, म्हणून त्याने बाईला भिंतीशी उभी ठेवली.”

हा आक्षेप आम्ही सहजासहजी झटकू शकलो नाही. सुहराचे वाक्य अपुरे, नारायणीचा चेहरा अदृश्य: बशीरांच्या या दोन्ही कथांत पुरुष पुढे निघून जातो आणि स्त्री मागे राहते, हे खरेच आहे. तथापि कथा पुन्हा वाचता आमचे मत असे झाले की, निरोप धाडण्याची सोय जर केली असती तर तीच खोटी झाली असती. निरोपाने वाचकाचे समाधान होते. नारायणीची शिक्षा तिळभर कमी होत नाही. बशीर आपल्या नायकाचे दुःख सांगून थांबतात, आणि काटकी मात्र उडतच ठेवतात. कथेतील ‘बशीर’ निघून गेला तरी वाचकाचे कान त्या भिंतीशीच राहतात. स्नेह्यांनी “ती?” असे विचारले, ते त्या काटकीमुळेच. हे आम्ही त्यांस सांगून पाहिले. त्यांनी मान हलविली, पण होकारार्थी की नकारार्थी, ते आम्ही ओळखू शकलो नाही.

भिंती नाहीतच असे बशीरांचे एक पुस्तक आहे: ‘पात्तुम्मायुडे आडु’, म्हणजे पात्तुम्माची बकरी. मानसिक आजारावर उपचार चालू असताना, १९५४ साली, त्यांनी ते लिहिले आणि १९५९ साली एक अक्षर न बदलता छापविले. लहानशा घरात आई, भाऊ, बहिणी, भावजया, पोरे, कोंबड्या, मांजरे. जो येतो तो या अविवाहित थोरल्या भावाकडे पैसे मागतो. बहिणीची बकरी त्यांची पुस्तके खाते, तेव्हा ते शांतपणे पाहतात. पांघरुणास तोंड लावते तेव्हा धावतात, कारण त्याची दुसरी प्रत नाही. आणि त्यांचा शिक्षक भाऊ अब्दुल खादर त्यांच्या कथेत व्याकरणाच्या चुका काढून क्रियापद कोठे आहे म्हणून विचारतो! बशीर त्यास फैलावर घेतात. हा प्रसंग हसण्यासारखा खरा, परंतु त्यात त्यांच्या साऱ्या लेखनाची प्रतिज्ञा आहे. घरात माणसे जशी बोलतात तसे लिहावयाचे. व्याकरण मागाहून येवो, न येवो.

भाषांतरकाराची खरी परीक्षा येथेच होते. ‘न्टुप्पुप्पाक्कोरानेंडार्न्नु’ हे १९५१ मधील कादंबरीचे नाव म्हणजे ‘माझ्या आज्याचा एक हत्ती होता’ हे वाक्य, अशिक्षित मुसलमान घरात बोलतात तसे एका दमात जोडून टाकलेले. कुंजुपात्तुम्माची आई गतवैभवाच्या त्या हत्तीची प्रौढी जन्मभर मिरविते. आणि अखेर पोरे हिणवितात की तो कुळियाना होता. कुळियाना म्हणजे शब्दशः खळग्यातला हत्ती. मातीत नरसाळ्यासारखा खळगा करून मुंग्या धरणारा किडा. एडिंबरोचे भाषाशास्त्रज्ञ रॉनल्ड ॲशर यांच्या १९८० च्या इंग्रजी भाषांतरात शीर्षकातील ‘ह’कार गाळून लंडनच्या गरीब वस्तीतली बोली आणली आहे. मराठीत करावयाचे झाले तर ‘माज्या आज्याचा हत्ती व्हता’ असे काहीसे करावे लागेल. पण मग ती आई साताऱ्याची होईल, वैक्कमची राहणार नाही. हा तिढा आम्हांस सुटलेला नाही. जो कोणी बशीर मराठीत आणू पाहील त्याने आपल्या कोकणपट्टीतील मुसलमान घरांतील बोली आधी कान देऊन ऐकावी, एवढे सुचवितो.

‘मतिलुकळ्’वरून अडूर गोपालकृष्णन यांनी चित्रपट काढला, त्यात मम्मूटी बशीर झाले. नारायणीचा आवाज अभिनेत्री के. पी. ए. सी. ललिता यांचा आहे. केरळातील प्रेक्षकांस तो आवाज पुरता परिचयाचा, त्यामुळे ऐकताच तिचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे येणारच. आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हा आम्हांस हा आवाज कोणाचा ते ठाऊक नव्हते. पडद्यावर शेवटपर्यंत एक भिंत होती, आणि तिच्या माथ्यावर वर जाऊन खाली येणारी काटकी.