फिर्याद आणि चेहरा : 'ऑटम सोनाटा'मधील मातृत्व

मातृत्वाविषयीचे बहुतेक कथन अपत्याने केलेले असते. त्याचा सूर कृतज्ञतेचा असो वा तक्रारीचा, बोलणारा आवाज मुलाचा किंवा मुलीचा असतो. आई त्या कथनाचा विषय असते, निवेदक क्वचितच. स्त्रीवादी समीक्षक मारिआन हिर्श यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मदर/डॉटर प्लॉट' या ग्रंथात कादंबरीच्या संदर्भात या अनुपस्थितीची सविस्तर चिकित्सा केली आहे. इंग्मार बर्गमन यांचा 'ऑटम सोनाटा' (१९७८) हा चित्रपट या प्रश्नाच्या प्रकाशात पुन्हा पाहण्याजोगा आहे. मुलीने आईवर चालविलेला खटला म्हणून तो सहसा वाचला जातो. हे वाचन चुकीचे नाही. मात्र या खटल्यात आईला कोणत्या भाषेत बोलता येते, हा प्रश्न त्यातून निसटतो.

कथानक मोजके आहे. नॉर्वेतील एका पाद्र्याची पत्नी एव्हा (लिव्ह उल्मान) आपल्या आईला, शार्लोट (इन्ग्रिड बर्गमन) या ख्यातकीर्त पियानोवादिकेला, पत्र लिहून घरी बोलावते. शार्लोटचा सहचर लिओनार्दो नुकताच निवर्तला आहे. मायलेकींची भेट सात वर्षांनी होत आहे. एव्हाचा मुलगा एरिक चार वर्षांचा होण्याआधीच बुडून मरण पावला आहे. धाकटी बहीण हेलेना दुर्धर आजाराने परावलंबी झाली असून एव्हाने तिला संस्थेतून घरी आणले आहे; शार्लोटला हे आल्यावरच कळते.

वादळ येते ते रात्री, पण त्याची पूर्वसूचना पियानोपाशी मिळते. एव्हा शोपँचे ए मायनरमधील प्रेल्यूड वाजवते. कॅमेरा तिच्या बोटांवर रेंगाळत नाही; तो ऐकणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर स्थिरावतो, आणि त्या चेहऱ्यावर वात्सल्य, अवघडलेपण व व्यावसायिक अस्वस्थता एकाच वेळी उमटतात. मग शार्लोट स्वतः वाजवू लागते आणि रचनेचे मर्म उलगडते : भावना आणि भावविवशता या भिन्न गोष्टी आहेत, इथली वेदना स्वतःला आवरून धरणारी आहे. कलाविचार म्हणून हे विवेचन निर्दोष आहे. परंतु ज्या मुलीला आईकडून शाबासकीचा एक शब्द हवा होता, तिच्या पदरी त्या क्षणी एक उत्तम पाठ पडतो. आई वाजवत असताना एकाच चौकटीत दोन चेहरे दिसतात. आईची नजर स्वरांकडे, मुलीची आईकडे. विशेष म्हणजे ही दोन्ही वादने प्रत्यक्षात केबी लारेतेई या एकाच पियानोवादिकेची आहेत.

एव्हाच्या फिर्यादीचे बळ तिच्या तपशिलात आहे. बंद दाराआड आईचा सराव आणि बाहेर ताटकळणारे मूल, एवढ्यावर ती थांबली असती तर ती अनुपस्थित आईची परिचित तक्रार ठरली असती. पण तिची सर्वांत तीव्र आठवण आई घरी राहिली त्या काळाची आहे. पाठदुखीने मैफली मंदावल्या आणि शार्लोटने स्वतःला संसारात झोकून दिले. चौदा वर्षांच्या एव्हाचे केस कापले गेले, दातांना तारा बसल्या, व्यायाम ठरला, वाचायची पुस्तके ठरली. आईच्या लेखी ते सुखाचे दिवस होते; मुलीच्या लेखी ती स्वत्वाची पडझड होती. म्हणजे आईचे नसणे ही जखम, आणि असणे हीही जखम. योग्य अंतर कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. मातृत्वाची अवघड जागा हीच आहे : येथे कर्तव्याचे माप बाहेरून मिळत नाही, आणि अपत्याच्या मागणीला तर मापच नसते.

भूतकाळाची दृश्ये स्वेन निक्विस्त यांचा कॅमेरा दुरून आणि स्थिरपणे टिपतो. त्यांत माणसे लहान दिसतात, त्यांचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही. ऐकू येतो तो वर्तमानातील सांगणाऱ्याचा स्वर. त्या दृश्यांतील शार्लोट म्हणजे मुलीच्या वाणीने रेखाटलेली शार्लोट होय. तरीही फिर्याद आपली मर्यादा ओलांडते तेव्हा चित्रपट ते लपवीत नाही. हेलेनाच्या आजारालाही एव्हा आईलाच जबाबदार धरते. याउलट वडील योसेफ खुर्चीत मूकपणे बसलेले दिसतात आणि त्यांच्यावर एकही आरोप येत नाही. त्यांचा एकाकीपणासुद्धा आईच्याच खात्यावर मांडला जातो. एड्रिएन रिच यांनी १९७६ मध्ये मातृत्वाचा अनुभव आणि मातृत्वाची संस्था यांत जो भेद केला, त्याचा प्रत्यय येथे येतो. दुःख एव्हाच्या अनुभवाचे आहे. आरोपपत्राचा मसुदा मात्र संस्थेने आधीच तयार करून ठेवला आहे.

शार्लोट अखेर बोलते तेव्हा काय म्हणते? तिच्या आईवडिलांनी तिला कधी जवळ घेतले नाही. स्पर्श, माया, जिव्हाळा यांना ती अनोळखी राहिली. संगीतातूनच तिला भावना व्यक्त करता आल्या. एव्हाच्या अपेक्षांची तिला भीती वाटे, आणि मुलीने आपल्याला कुशीत घ्यावे असे वाटे. चित्रपटाचा मर्मबिंदू येथे आहे. आईचा बचावसुद्धा एका मुलीची तक्रारच आहे. आई म्हणून बोलण्याची भाषा तिच्यापाशी नाही. बोलायचे तर पुन्हा अपत्य व्हावे लागते. त्याच वेळी वरच्या मजल्यावर हेलेना बिछान्यातून खाली उतरून फरफटत पुढे सरकते आणि आईला हाक मारते. त्या रात्री घरातल्या तिन्ही स्त्रिया लेकीच आहेत. आईची जागा रिकामी आहे.

एव्हाही या नियमाला अपवाद नाही. एरिकवरील तिचे प्रेम निष्कलंक आहे, कारण एरिक मोठा होऊन बोलणार नाही. त्याची खोली तिने जपून ठेवली आहे आणि तो जवळपास असल्याचा तिला भास होतो. फिर्यादी होण्यापूर्वीच नाहीसे झालेले मूल हेच परिपूर्ण मातृत्वाचे आलंबन ठरावे, यातील उपरोध कठोर आहे.

चित्रपटाबाहेरचे काही संदर्भ या आशयाला छेदून जातात. रोसेलिनी यांच्या चित्रपटासाठी १९४९ साली इटलीला गेलेल्या इन्ग्रिड बर्गमन यांची मुलगी अमेरिकेत राहिली होती, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्यांची निर्भर्त्सना झाली. आई सात वर्षे मुलीला भेटत नाही, ही संहितेतील गोष्ट त्यांना पटली नव्हती. छोट्या एव्हाच्या भूमिकेत लिव्ह उल्मान आणि दिग्दर्शक बर्गमन यांची मुलगी लिन आहे. चरित्राने कलाकृतीचा उलगडा होतो असे नव्हे. पण दूर राहणारी आई सार्वजनिक चर्चेचा विषय होते आणि दूर राहणारा बाप क्वचितच होतो, ही विषमता त्यातून उघड होते.

मराठी प्रेक्षकाला येथे जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेल्या, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या त्या चित्रपटात सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होण्यासाठी घर सोडते आणि लहान मुलगी जावेच्या मायेत वाढते. प्रेक्षकाची सहानुभूती सुलभेकडे वळते, कारण कथन तिचे आहे आणि मुलीला अद्याप तक्रारीची भाषा आलेली नाही. तीच मुलगी वीस वर्षांनी एका रात्री बोलू लागली तर? 'ऑटम सोनाटा' त्या रात्रीपासून सुरू होतो. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की न्याय कोणाच्या बाजूला हे ठरविणे अवघड होते, आणि ते अवघड होणे इष्टच आहे. आईच्या मुक्तीचे समर्थन करणाऱ्या समीक्षेला मुलीची जखम नाकारता येत नाही. मुलीच्या जखमेशी एकरूप होणाऱ्या समीक्षेला आपण संस्थेची वकिली करीत नाही ना, हे तपासावे लागते.

शार्लोट आगगाडीतून निघून जाते. एव्हा एरिकच्या थडग्यापाशी बसते आणि नंतर आईला दुसरे पत्र लिहिते : क्षमेचे, पुन्हा जवळ येण्याच्या इच्छेचे. ते व्हिक्टरच्या, म्हणजे तिच्या पतीच्या, वाचनातून ऐकू येते. शार्लोटचे उत्तर चित्रपटात नाही. पहिले पत्र लेकीचे, शेवटचे पत्रही लेकीचेच. आईच्या वाट्याला उरतो तो चेहरा. आणि बर्गमन यांनी तो इतक्या जवळून दाखविला आहे की त्याच्याकडे पाहत निकाल देणे सोपे राहत नाही.