डावा डोळा थांबला

“एवढे पैसे घालून चष्मा तोच?” हे मला अजून ऐकावं लागतं, आणि दर वेळी जीव जळतो. डोळ्याचं क्रॉसलिंकिंग चष्मा घालवण्यासाठी करतच नाहीत. मला असलेल्या केराटोकोनस या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत कोनासारखा पुढे येतो. तो जिथे आहे तिथे थांबावा, एवढंच त्यातून मागायचं असतं.

पण माझा खरा राग निराळा आहे. अकरावीपासून माझा सिलिंडर नंबर वाढतच होता. रात्री दिव्यांना शेपट्या फुटायच्या, फळ्यावरचं अक्षर दुहेरी दिसायचं. डोळे सदा खाजायचे, मी ते चोळत बसायची. डिचोलीत आमचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला, म्हणून सगळे धुळीवर ढकलायचे. तपासणारे नवा नंबर लिहून द्यायचे, आम्ही नवी काच बसवायचो. चष्मा लावूनही खालच्या ओळी वाचता येत नाहीत, हे मी सांगत होते. “अभ्यासाचा ताण असेल.” त्या पडद्याचा नकाशा काढणाऱ्या टोपोग्राफीला सुई नाही, दुखणं नाही, हनुवटी टेकवून क्षणभर समोर बघायचं. तेवढी कुणी लिहून दिली नाही. अखेर पणजीत ती झाली, तेव्हा डाव्या पडद्याची जाडी ४४० मायक्रॉन निघाली, उजव्याची ३६५. क्रॉसलिंकिंगच्या नेहमीच्या पद्धतीला निदान ४०० लागते, नाहीतर अतिनील किरणांनी आतल्या पेशींना इजा होऊ शकते. उजवा वेळेत का नाही दाखवला, असं मलाच विचारलं गेलं. दाखवतच तर होतो!

डावा डोळा ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने केला. वरची नाजूक साल काढून रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब अर्धा तास, मग किरण अर्धा तास. त्याने आतले कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट होतात. तेव्हा काही कळलं नाही. भूल उतरली आणि रात्रभर डोळ्यात मिरची भरल्यासारखं झालं. पुढचे काही आठवडे तर आधीपेक्षाही धूसर दिसत होतं. मी आईला म्हटलं होतं, डोळा गेला तरी चालेल, पण हे पुन्हा नको. आता त्या डोळ्याचे नकाशे एकमेकांशी जुळतात, आणि उजव्याचंही असंच झालं असतं तर, या विचाराने रडू येतं. उजव्यात कडक लेन्स घालते. वाऱ्याच्या दिवसांत ती फार टोचते.

मुलाचा सिलिंडर वाढत असेल आणि तो डोळे चोळत असेल, तर पुढची काच बसवण्याआधी टोपोग्राफी मागून घ्या. लहान वयात हा आजार जास्त वेगाने वाढतो आणि कधी कधी घरात एकापेक्षा जास्त जणांना होतो. माझ्या धाकट्या भावाचे डोळेही खाजतात. आई म्हणते, चवथ झाल्यावर बघू. मी या आठवड्याचीच वेळ घेतली आहे.