पावशेर मिरची

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा जून चालू होता. पहिल्याच संध्याकाळी पोहे करायला घेतले आणि लक्षात आलं, मिरची नाही. घरमालक हसले. "मिरचीला काय तोटा? जा बाजारात."

गेलो. जिकडे बघावं तिकडे हिरवे ढीग, मधून हमालांची धावपळ, पोत्यांनी भरलेल्या पिकअप. मी काट्यापाशी पिशवी पुढे केली. "पावशेर द्या."

काटेवाला बघतच राहिला. "गुर्जी, इथं पोत्याखाली बात नाही. ही गाडी दिल्लीला चालली." मी गुरुजी हे त्याला कसं कळलं, कोण जाणे! त्याने मूठभर मिरच्या पिशवीत टाकल्या, पैसे घेतले नाहीत. मी एक मोडून पाहिली, ठसका लागला म्हणून त्याच हाताने डोळे पुसले आणि संपलंच.

"कामून रडू राहिले गुर्जी?" तोडणीवरून आलेल्या एका मावशींनी विचारलं. हाताला आधी तेल लावायला त्यांनीच सांगितलं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हे विज्ञान मी वर्गात कधीच शिकवलं नव्हतं.

मग रोज जाऊ लागलो. दिवसभर तोडणी, दुपारनंतर माल बाजारात. हिरवी मिरची ठेवून चालत नाही, म्हणून रात्री उशिरापर्यंत काटा हलता. कपाशी-सोयाबीनचा पैसा यायला दसरा-दिवाळी उजाडते. उन्हाळ्यात ठिबकवर लावलेली मिरची मात्र ऐन पावसाळ्यात, घरातलं सगळं पेरणीत गेलेलं असताना हाती पैसा देते. विक्रीची पट्टी मिळाली की तिथेच तोडणीची मजुरी चुकती होते, किराण्याची उधारी फिटते, पोरांच्या वह्या येतात. सोयरिकीची बोलणीसुद्धा पोत्यावर बसूनच. "भाव काय फुटला?" हाच इथला रामराम. भाव पडला की चहाच्या टपरीवरही कुणी मोठ्याने बोलत नाही.

पालकसभेला तीनदा चिठ्ठ्या धाडल्या होत्या, आले चौघे. बाजारात एका संध्याकाळी बावीस पालक भेटले. आता मुलांच्या प्रगतीचं मी तिथेच बोलतो, फक्त काटा झाल्यावर. त्याआधी बोललो तर कुणाचं लक्ष नसतं, आणि ते बरोबरच आहे.

तुम्हाला या गावात कुणाला गाठायचं असेल, तर घरी जाऊ नका. संध्याकाळी बाजारात या. आधी भाव विचारा, मग काम सांगा. आणि पावशेर मागू नका.