भिसीच्या शेजारी

भिवंडीत पद्मानगरला माझ्या माहेरच्या घराला लागूनच एक भिसी आहे, यंत्रमागावरच्या कामगारांची खाणावळ. चालवते एक अक्का, मूळची तेलंगणातली. मी इंग्लंडहून सुट्टीला आले की सकाळचा चहा खिडकीत घेते, आणि माझं लक्ष त्या दारावरच असतं.

रात्रपाळीवाले येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर सुताची पांढरी लव बसलेली असते. बारा तासांची पाळी. बोलतात मोठ्यानं, कारण मागांच्या खटखटीत ऐकू काहीच येत नाही. कारखान्यात निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर चालतं. डाळ-भात पोटात गेला की खोलीत जाऊन आडवे होतात. दिवसपाळीवाला नुकताच उठून गेलेला असतो, त्याच चटईवर. जेवणाचा हिशेब पगार झाल्यावर. कोणी पैसे न देताच गावी निघून जाईल ही धास्ती अक्काला कायमच असते, तरी ती कुणाचं ताट अडवत नाही.

मी राहते ते लेस्टरही एकेकाळी होजियरीच्या गिरण्यांचं शहर होतं. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं आशियाई लोकांना देशातून हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका. तरी हजारो आले. आज त्यांच्याच बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी शहर अभिमानानं मिरवतं. मी गेले तेव्हा माझी ओळखदेख कुणाशीच नव्हती. शेजारच्या बाईंनी दार वाजवून कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते सांगितलं, माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं. तिथलं माझं राहणं खरं म्हणजे त्या दिवशी सुरू झालं.

भिवंडी तर बाहेरून आलेल्यांच्याच हातांनी मोठी झाली. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, मग उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. तरी आमच्या जिन्यात ‘ही बाहेरची माणसं’ असं अगदी सहज बोललं जातं. मला ते लागतं. लेस्टरमध्ये ते बाहेरचं माणूस मीच असते.

आणि ओळखीची किंमत भिवंडीइतकी कोणाला माहीत असणार? १९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे गाव होरपळलं. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एका गल्लीतले हिंदू-मुसलमान पोलिसांसोबत एकत्र बसू लागले, आपापल्या कुरबुरी तिथंच मांडू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यात बंदोबस्ताइतकाच वाटा गल्लीतल्या ओळखीचा होता, असं मी मानते. ज्याच्या घरी आपण बसून आलो, त्याच्याविषयीच्या अफवेवर माणूस चटकन विश्वास ठेवत नाही.

भिसीतल्या माणसाच्या घरी मात्र कोणी बसून आलेलं नसतं, कारण त्याला इथं घरच नाही. दारावर पाटी नाही, सणाचं बोलावणं नाही. वर्षानुवर्षं तो आपल्या भिंतीपलीकडे झोपतो आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

म्हणून भिवंडीकरांना माझी विनंती आहे. येत्या गणपतीत, ईदेला, आपल्या गल्लीतल्या भिसीतल्या चार जणांना नावानं हाक मारून घरी बोलवा. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी ते भेटतील.